सोंगटी आणि सखा : एका संगणकीय युद्धखेळातील नामकरणाचा विचार

१

अलिबाग तालुक्यातील मांडवा हे बंदर मुंबईच्या अगदी समोर आहे. त्याच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे आहेत. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला आणि त्यावरून मराठे व मुंबईकर इंग्रज यांच्यात या समुद्रावर संघर्ष झाला. या संघर्षाच्या वृत्तांतांत मायनाक भंडारी व दौलतखान ही नावे येतात. विरुद्ध पक्षाकडील मिंचिन व केग्विन ही नावेही येतात. परंतु ज्यांनी इंग्रजांच्या गस्तीला चुकवून रात्रीच्या अंधारात लहान होड्यांतून बेटावर सामग्री पोचविली, त्या नावाड्यांचा उल्लेख त्या वृत्तांतांत केवळ समुदायरूपाने होतो. युद्धाच्या कथनात कोणाला नाव मिळते आणि कोणाची केवळ गणती होते, हा प्रश्न या किनाऱ्याच्या इतिहासाने असा उभा केला आहे.

हाच प्रश्न अगदी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे संगणकावरील युद्धखेळात, पुन्हा उपस्थित होतो. १९९४ साली ज्युलियन गॉलप व निक गॉलप या बंधूंच्या मिथॉस गेम्स या संस्थेने रचलेला आणि मायक्रोप्रोज या कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘यूएफओ : एनिमी अननोन’ हा खेळ या प्रकारातील अभिजात कृती मानला जातो. अमेरिकेत तो ‘एक्स-कॉम : यूएफओ डिफेन्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. परग्रहावरून आलेल्या आक्रमकांशी लढणारी एक लहानशी तुकडी खेळाडूच्या हाती सोपविलेली असते आणि तीतील कोणत्याही सैनिकाचे नाव पुसून तेथे दुसरे लिहिण्याची सोय असते. पुष्कळ खेळाडू या जागी आपल्या मित्रांची नावे लिहितात. ही प्रथा वरवर पाहता पोरकट वाटेल. तथापि आस्वादाच्या दृष्टीने ती साधी नाही. नाव दिल्याने सोंगटीचे व्यक्तीत रूपांतर होते, एवढेच सांगून तिचे विवरण पुरे होत नाही. नाव देणे म्हणजे मरणाचा क्रम ठरविणे होय, असे या प्रथेचे अधिक बारकाईने निरीक्षण केले असता दिसून येते. या निष्कर्षाची उपपत्ती पुढे मांडली आहे.

२

प्रथम खेळाची रचना थोडक्यात पाहणे अवश्य आहे. हा खेळ बुद्धिबळाप्रमाणे पाळीपाळीने खेळावयाचा आहे. प्रत्येक सैनिकास एका पाळीत ठराविक कालमात्रा मिळतात. चालणे, वळणे, गुडघ्यावर बसणे, गोळी झाडणे यांत त्या खर्ची पडतात. परंतु बुद्धिबळात नसलेला एक नियम येथे आहे. आपल्या पाळीतही, शत्रूच्या दृष्टीच्या टप्प्यात आलेल्या सैनिकावर शत्रू गोळी झाडू शकतो. त्यामुळे विमानाच्या उतरणीवरून पहिले पाऊल टाकणारा सैनिक हा पुष्कळदा शत्रू कोठे दडला आहे हे कळण्याचे साधन ठरतो. काळोख्या रात्रीच्या मोहिमेत तर शत्रू आधी दिसत नाही; सैनिक पडतो आणि त्यावरून शत्रूची जागा कळते.

खेळाच्या आरंभी तळावर ८ सैनिक असतात. विमानात १४ जणांची जागा असते. प्रत्येकाच्या नावाखाली दम, धैर्य, नेम, बळ इत्यादी गुणांचे आकडे असतात. हे आकडे यदृच्छेने पडलेले असतात. मात्र जो लढतो आणि वाचतो त्याचे आकडे वाढतात. नवशिका सैनिक क्रमाने सार्जंट, कॅप्टन, कर्नल होत जातो. आणि जो मरतो तो कायमचा जातो. सारीपाटात मेलेली सोंगटी पुन्हा पटावर बसविता येते. बुद्धिबळात मारलेले प्यादे निदान पुढच्या डावात परत येते. येथे एकच मोहीममालिका अनेक दिवस, कित्येकदा अनेक आठवडे खेळली जाते आणि तीत गेलेला सैनिक परतत नाही. कठोर खेळ अशी या कृतीची जी ख्याती आहे तिचे मूळ शत्रूच्या बळाइतकेच या अपरिवर्तनीयतेत आहे.

३

सोंगटीला नाव नसणे हा युद्धखेळांचा जुना संकेत आहे. बुद्धिबळातील वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादे ही पदांची किंवा वाहनांची नावे आहेत, व्यक्तींची नव्हेत. प्याद्याचा वजीर झाला म्हणजे त्याचे प्यादेपण शिल्लक राहत नाही. वजीर झालेले हे प्यादे कोणते होते याची आठवण ठेवण्याचे खेळाला कारण नसते. महाराष्ट्रातील मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात. त्यांवर महाराज सिंहासनावर बसलेले असतात आणि तटांवर, पायऱ्यांवर बाजारातून आणलेले मातीचे मावळे उभे असतात. महाराजांना नाव असते. मावळा हा मावळाच असतो. एखाद्याचा हात मोडला तर त्याच्या जागी दुसरा ठेवावयाचा, इतकेच.

स्मारकांच्या बाबतीतही स्थिती फारशी निराळी नाही. महाराष्ट्रातील गावोगाव विखुरलेल्या वीरगळांवर खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर युद्धाचा प्रसंग, त्याच्याही वर अप्सरांसह स्वर्गारोहण आणि शिरोभागी शिवलिंगाची पूजा असा क्रम बहुधा आढळतो. बोरिवलीजवळील एकसरच्या प्रसिद्ध वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. परंतु बहुसंख्य वीरगळांवर वीराचे नाव नाही. ज्या गावाने दगड उभारला त्या गावाला ते ठाऊक होते, म्हणून कोरण्याची गरज वाटली नसावी. पुढे ठाऊक असणारे गेले आणि दगड राहिला. स्मारक आहे पण नाव नाही, असा हा प्रकार.

१९९४ च्या खेळात याच्या अगदी उलट घडते. तेथे नाव आहे, स्मारक नाही. मेलेला सैनिक यादीतून नाहीसा होतो. मोहीम संपल्यावर जो ताळेबंद दाखविला जातो त्यात आपल्या पक्षाचे किती मेले ही संख्या आणि तिच्यापायी वजा झालेले गुण एवढेच असते. ज्याचे नाव खेळाडूने स्वतः लिहिले तो शेवटी संख्येत जमा होतो. नावापासून संख्येपर्यंतचा हा प्रवास हाच या खेळातील करुणाचा मूळ आकृतिबंध आहे.

४

नाव देणे ही क्रिया स्वतः निरागस नसते. खेळातील सैनिकांना मुळात नावे असतातच. ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी अशा वळणांची असतात. येथे एक गोष्ट मराठी वाचकाच्या ध्यानात विशेष येण्याजोगी आहे. या काल्पनिक जागतिक संघटनेस जे सोळा देश दरमहा द्रव्य पुरवितात त्यांत भारत आहे. परंतु सैनिकांच्या नावांच्या साठ्यात भारतीय नावे नाहीत. भारत खजिन्यात आहे, बराकीत नाही. तळ कोठे बांधावयाचा हे खेळाडूने पृथ्वीगोलावर ठरवावयाचे असते. मराठी खेळाडूने तो कोकणच्या किनाऱ्यावर, मांडव्याच्या आसपास ठरविला तरी त्या तळावर येणारी माणसे मॉस्को, टोकियो वा पॅरिस येथून आल्यासारखी असतात. अशा स्थितीत सैनिकांस आपल्या मित्रांची नावे देण्यात केवळ लाड नसून एक प्रकारची भरपाईही असते. खेळाच्या जगात जी जागा दिली गेली नाही ती खेळाडू लेखणीने घेतो. लिपी मात्र रोमनच राहते. मित्राचे नाव त्या पडद्यावर परक्या अक्षरांतच उमटते.

पण याच क्रियेला दुसरी बाजू आहे. मित्राचे नाव लिहावयाचे तर आधीचे पुसावे लागते. नाव बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो तो सत्ताधारी असतो, हे मराठी समाजाला नव्याने सांगावयास नको. विवाहानंतर सासरी वधूचे नाव बदलण्याची रूढी पुष्कळ घरांनी पाहिलेली आहे. रशियन नावाचा जो नवशिका काल भरती झाला तो आज मित्राच्या नावाने वावरतो आणि त्याचे पहिले नाव खेळाडूच्याही स्मरणात राहत नाही.

शिवाय मराठी व्यवहारात नाव एकटे नसते. त्याच्यामागे वडिलांचे नाव येते, आडनाव येते आणि ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांतून तर गावच बोलते. ‘अग्निपथ’ या १९९० च्या हिंदी चित्रपटाचा नायक आपला परिचय देताना स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि मांडवा हे गाव एका दमात उच्चारतो. त्या परिचयाचे बळ त्या क्रमात आहे : माणूस कोणाचा आणि कोठला हे सांगितल्यावरच तो पुरता उभा राहतो. खेळातील सैनिकास गाव नाही, बाप नाही, घरी पत्र लिहिणारे कोणी नाही. मित्राचे नाव दिल्याने ही सर्व उणीव एकदम भरून निघते, कारण मित्राचे घर, त्याचे हसणे, त्याची उधारी हे सारे खेळाडूला ठाऊक असते. कादंबरीकाराला जे पन्नास पृष्ठांत उभे करावे लागते ते येथे एका शब्दात उसने मिळते.

५

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. संस्कृत साहित्यशास्त्राने करुणाच्या आस्वाद्यतेचा उलगडा साधारणीकरणाच्या तत्त्वाने केला आहे. रंगभूमीवरील शोक हा माझा नाही, शत्रूचा नाही, आणि तिऱ्हाइताचाही नाही. तो व्यक्तिसंबंधातून सुटलेला असतो, म्हणूनच तो दुःख न देता रस देतो. सैनिकाला मित्राचे नाव देणे म्हणजे नेमके उलट करणे होय. जे साधारण होते त्याचे येथे बुद्ध्या विशेषीकरण केले जाते. मग रसभंग व्हावयास हवा. प्रत्यक्षात मात्र ज्या खेळाडूने नावे दिली त्याचीच तन्मयता वाढलेली दिसते.

या कोड्याचे उत्तर न. चिं. केळकर यांच्या सविकल्प समाधीच्या कल्पनेत काही अंशी सापडते. आस्वादक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःचे भान सर्वस्वी गमावीत नाही; दोन जाणिवा एकाच वेळी नांदतात. खेळाडूही जाणतो की ज्याच्या नावाचा सैनिक पडला तो मित्र त्या क्षणी आपल्या घरी सुखरूप आहे. किंबहुना उद्या त्याला हे सांगून त्याची थट्टा करता येईल. दुःख येते, परंतु त्याला आधार नसतो. या निराधारपणामुळेच ते आस्वाद्य होते.

तथापि हे उत्तर अपुरे आहे. नाटकाचा प्रेक्षक पात्राला मृत्यूकडे पाठवीत नाही. पाठविणारा नाटककार असतो. येथे पाठविणारा व शोक करणारा एकच आहे. त्यामुळे करुणात अपराधाची छटा मिसळते आणि ही छटा साधारणीकरणाच्या चौकटीत मावत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायातील प्रसंगाशी तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून पाहणाऱ्या अर्जुनाला आचार्य, मामा, भाऊ, पुत्र, सखे दिसले आणि त्याचे गात्र गळाले. सैन्य हा समुदाय मोडून त्याची नात्यांत विभागणी झाली, हेच त्याच्या विषादाचे कारण. खेळाडू हाच विषाद आपण होऊन ओढवून घेतो. अर्जुनाला नाती सापडली. खेळाडू ती नेमतो. आणि नेमल्यानंतरही धनुष्य खाली ठेवीत नाही.

६

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. विमानाच्या उतरणीवरून प्रथम कोणी उतरावयाचे? खेळाच्या गणिताचे उत्तर निःसंदिग्ध आहे : ज्याचे आकडे सर्वांत कमी त्याने. अनुभवी नेमबाज मागे ठेवावयाचा, नवशिका पुढे धाडावयाचा. सैनिक अनामिक असताना या गणितात काहीच खटकत नाही. परंतु नावे दिल्याबरोबर उतरण्याचा क्रम हा स्नेहाचा क्रम होऊन बसतो. आज पुढे कोणाला घातले, याचे उत्तर आता आकड्यांत देता येत नाही.

नामकरणाचा क्रमही विचारात घेण्यासारखा आहे. पहिल्या आठ जणांना बहुधा जिवलग मित्रांची नावे मिळतात. मोहिमा होतात, माणसे पडतात, नवी भरती होते. मग मागच्या बाकावरचे वर्गमित्र, दूरचे चुलतभाऊ, कचेरीतील ओळखीचे यांची नावे येतात. यादी लांबत जाते तसा स्नेहाचा घेर पातळ होत जातो. शेवटी नावे संपतात आणि पुढील नवशिके खेळाने दिलेल्या परक्या नावांनीच राहतात. आता उतरणीवरून प्रथम कोण उतरेल हे वेगळे सांगावयास नको. ज्याचे नाव बदलण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत तोच. मित्राचे नाव हे चिलखत ठरते आणि प्रत्येक चिलखतामागे एक उघडी छाती असते. जो पुढे धाडला जात नाही तो वाचतो. जो वाचतो त्याचे आकडे कालांतराने वाढतात. आणि वाढलेले आकडे त्याला मागे ठेवण्याचे सयुक्तिक कारण पुरवितात. मूळची पक्षपाती निवड अशा रीतीने गुणवत्तेचे रूप धारण करते. पक्षपाताची गुणवत्ता कशी बनते हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारी कृती अन्य कलाप्रकारांतही विरळाच.

येथे असे म्हणता येईल की सर्वच खेळाडू असे वागत नाहीत. काही जण मित्रांनाच मुद्दाम पुढे पाठवितात आणि त्यात विनोद पाहतात. हे खरे आहे. पण तो विनोदही याच तत्त्वाचा साक्षी आहे, कारण थट्टा करण्याजोगी जवळीक ज्याच्याशी आहे त्याच्याच मरणाचा विनोद होतो. अनामिकाच्या मरणाचा विनोद होत नाही आणि शोकही होत नाही.

शत्रूची काही शस्त्रे या नामव्यवस्थेवर थेट आघात करतात. काही परग्रहवासी सैनिकाच्या मनाचा ताबा घेतात. मग एका मित्राचे नाव धारण करणारा दुसऱ्या मित्रावर गोळी झाडतो. क्रिसॅलिड नावाचा प्राणी ज्याला मारतो त्याचे शरीर उठून शत्रुपक्षात सामील होते आणि त्या शरीराला मारले की त्यातून आणखी एक क्रिसॅलिड बाहेर पडतो. ज्याचे नाव आपण लिहिले त्याच्यावरच बंदूक रोखण्याची पाळी येते. धैर्याचा आकडा कमी असलेला सैनिक साथीदार पडू लागले की घाबरतो, आणि पडद्यावर त्याचे नाव घेऊन तसे जाहीर केले जाते. यदृच्छेने पडलेल्या आकड्यातून मित्राचा स्वभाव वाचला जातो. हा तसा घाबरटच, असे खेळाडूस वाटू लागते. अर्थाची ही निर्मिती सर्वस्वी वाचकाची आहे, कृतीने फक्त रिकामी चौकट पुरविली आहे.

७

नामकरणाचे हे सामर्थ्य एका गोष्टीवर अवलंबून आहे आणि ती म्हणजे मृत्यूची अटळता. खेळाची स्थिती मधूनमधून जतन करता येते. मित्र पडला की जतन केलेल्या स्थितीकडे मागे जाऊन ती चाल पुन्हा खेळता येते. असे करणाऱ्या खेळाडूस विजय मिळतो, पण नावांचा अर्थ हरवतो. मरण परत घेता येत असेल तर ते सारीपाटातील मरण होते. दुसरी पळवाट अधिक सूक्ष्म आहे. मेलेल्या मित्राचे नाव नव्या सैनिकास देणे. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची रीत महाराष्ट्रात परिचित आहे आणि तीत स्मरण आहे यात शंका नाही. परंतु नातू हा आजोबांच्या जागी आलेला नसतो. खेळात मात्र तो जागी आलेला असतो आणि स्मरण व विस्मरण यांतील भेद तेथे पुसला जातो.

२०१२ साली फायरॅक्सिस या संस्थेने याच कथावस्तूवर नवा खेळ रचला. त्यात बराकीत मृतांची नावे नोंदविणारी स्मारकभिंत आहे, तसेच मागे फिरण्याची वाट बंद करणारा कठोर प्रकारही निवडता येतो. पहिल्या कृतीतील दोन उणिवा त्यात भरून काढल्या आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. कठोर प्रकाराविषयी ते मान्य करावे लागेल. स्मारकभिंतीविषयी मात्र मतभेदास जागा आहे. भिंत उभारली की शोकाचे काम कृतीच करून टाकते. खेळाडूला आठवण ठेवण्याची गरज उरत नाही. १९९४ च्या खेळात कोरी झालेली जागा खेळाडूच्याच मनात सलत राहते. शिवाय भिंत मृत्यू नोंदविते. कोणाला प्रथम पुढे पाठविले होते हे ती नोंदवीत नाही. या दृष्टीने जुन्या कृतीचा अबोलपणा हा दोष न ठरता तिच्या परिणामाचा घटक ठरतो.

सारांश, सैनिकांस मित्रांची नावे देणे ही स्नेहाची खूण आहे, पण तिचे फळ केवळ स्नेह नाही. नावामुळे सेनापतीचे गणित उघडे पडते आणि ज्यांना नाव मिळाले नाही त्यांचे अस्तित्व प्रथमच जाणवू लागते. हा खेळ हे काही शब्दांत सांगत नाही. तो खेळाडूच्या हातून ते करवून घेतो, आणि यातच त्याचे वाङ्मयीन मूल्य आहे.

खांदेरीवरील दीपगृहास आज कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ साली मराठ्यांच्या युद्धभूमीविषयक जागतिक वारशाच्या यादीत या किल्ल्याचेही नाव समाविष्ट झाले. बेटाला नाव आहे, दीपगृहाला नाव आहे. १६७९ च्या त्या रात्री थळहून पहिली होडी ज्याने लोटली, त्याला मात्र पुढे पाठविणाऱ्याने कोणत्या नावाने हाक मारली होती, हे कोणत्याही यादीत नाही.